तवसं आणि देवाचा डावा खांदा

फणसाचा चीक हाताला लागला तर खोबरेल तेलाने जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवाला लागला तर कितव्या दिवशी जातो, हे मात्र अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते मी पंचवीसेक वर्षं कोणाला सांगितलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात. माझ्या बाबतीत निम्मा स्वभाव आणि निम्मा चीक.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आईवडील मुंबईला एका खोलीत, आणि मी शाळेत होतो तेव्हापासून काका-काकूकडे, काजळी नदीच्या काठच्या आमच्या गावात. पुढे रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, तरी बिऱ्हाड हलवलं नाही. त्या दोघांना मूल नव्हतं. मी होतो.

काका शेतकरी. भात, थोडी कलमं, एक म्हैस; जीव मात्र सगळा नदीत. आंबे उतरवताना झाडावरून पडले तेव्हापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. जमिनीवर ते पाय ओढत चालायचे, पायरी चढताना काकूचा खांदा धरायचे, आणि पंगतीत कोपऱ्यातली जागा मागून घ्यायचे, पाय पसरता यावा म्हणून. पण डोणीत पाऊल पडलं की माणूस बदलायचा. डोण म्हणजे आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली, एका माणसापुरती होडी. तोल राहावा म्हणून तिच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्यांनी पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. त्या डोणीत काका सरळ उभे राहायचे. हातात पाग, म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं, फेकायचं गोल जाळं. कमरेतून एक हिसडा, की पाग फुगडी घालणाऱ्या बाईच्या लुगड्यासारखा हवेत फुलायचा आणि पाण्यावर बसायचा. जमिनीवरचा लंगडा पाण्यावर ताठ उभा राहतो, हे बघायला तरीवरची, म्हणजे नदी ओलांडायच्या धक्क्यावरची, माणसं थांबत.

मला पाग कधी जमला नाही. पहिल्यांदा फेकला तेव्हा शिशाच्या गोळ्या पुढे आणि त्यांच्यामागून मी. पायरीवर बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक ओरडली, "गो, आज केवढा मासा गावला बघ!" काकू तिथेच होती. म्हणाली, "सोडा त्याला परत, अजून लहान हाय." तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या लग्नाचं बघत होते. त्यानंतर मी बसून गरी टाकायचो. दोरीला गळ, गळाला कोळंबी, आणि वर बघायचंच नाही.

तर त्या वर्षी पाण्यातल्या किड्याने डोणीचं बूड पोखरून त्याची चाळण केली. आणि वैशाखातल्या एका वादळी दुपारी आमच्या परड्यातला रायवळ आंबा आडवा झाला. काकांनी झाडाकडे पाहिलं, मग सुताराला बोलावलं. सुताराने दोरीने खोड मापलं, दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "काका, ह्याच्यात तुमची डोण झोपलेली हाय. मी फक्त तिला उठवायची." काका आठवडाभर त्या खोडावर जाऊन बसत होते.

त्याच आठवड्यात मी कचेरीच्या कामाने मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथल्या एका शेडमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवत. शेडमागे गवतात एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, हिरव्यावर पिवळे पट्टे असलेली वस्तू पडली होती. वरून बंद, मध्ये फक्त माणूस बसेल एवढं भोक. मालक म्हणाला, "कयाक. मुंबईच्या एका गिऱ्हाइकानं बनवायला सांगितली आणि फिरकलंच नाही. बसायचं, पाय आत सोडायचे, दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं मारायचं. झालं."

मी तिथेच गवतात तिच्यात बसून पाहिलं. आणि मला एकदम कळलं की हिच्यात उभं राहताच येत नाही. म्हणजे कोणालाच येत नाही. खरं सांगायचं तर मला ती तेवढ्यासाठी आवडली. घरी जे सांगितलं ते वेगळं होतं.

मालकाला आंब्याच्या पेट्या ठोकायला लाकूड हवं होतं. "खोड आणून टाका, ही घेऊन जा," म्हणाला. खोड एकच. त्यातून डोण तरी, नाहीतर त्याच्या बदल्यात कयाक तरी.

ओटीवर आठ दिवस वाद चालला.

"वजन बघा, काका. एका खांद्यावर घेऊन जाईन."

"होडी खांद्यावर घ्यायची की होडीत आपण बसायचं?"

"किडा लागत नाही तिला."

"मासा तरी लागतो काय?"

"उलांडी काठच्या कांदळाच्या झाडीत अडकते. ही कुठल्याही फटीतून आत जाईल."

"कांदळात जाऊन काय करशील? चिखलातल्या निवट्यांशी गप्पा?"

"वरून बंद आहे. लाट आत येत नाही."

"मग मासा कुठून आत येणार? ठेवू कुठे त्याला, बंडीच्या खिशात?"

वादात काका जिंकत होते, पण त्यांचा एक दोष होता. मी काही मागितलं आणि ते नाही म्हणाले, की त्यांनाच झोप लागत नसे. नवव्या दिवशी पेज वाढता वाढता काकूने पळी आपटली. "देवाला विचारा एकदाचं! आणि तो सांगेल ते दोघांनी मुकाट ऐका."

आमच्याकडे देवाला विचारतात. लग्न, विहिरीची जागा, म्हैस सापडत नाही, काहीही. गुरव तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. जी पाकळी आधी पडेल तो देवाचा कौल. ठरलं असं की फायबरची घ्यायची असेल तर देवाने उजवी पाकळी द्यावी, लाकडाची असेल तर डावी.

आता मी सांगतो ते मी आजवर कागदावरही लिहिलेलं नाही. कौलाच्या दिवशी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. भर दुपारी गुरव जेवायला घरी गेला होता. परड्यातल्या फणसाच्या देठाचा चीक मी करवंटीत धरून आणला होता. गाभाऱ्यात शिरलो आणि देवाच्या डाव्या खांद्याला बोटभर लावला. पातळ लावला, दिसू नये म्हणून. लावताना "माफ कर" म्हणालो, म्हणजे अगदीच निर्लज्ज नव्हतो. पण करवंटी परत नेली. पुरावा ठेवला नाही.

संध्याकाळी गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी चार श्वासांत पडली. "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. काकांनी जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून हसले. "देवाला तुझीच निवड पटली रे."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण डावी पाकळी पडेना.

सकाळी गुरवाने देवाला आंघोळ घातली, तरी ती तिथेच. दुसऱ्या दिवशीही. वाडीत बातमी गेली, मग शेजारच्या वाडीतून माणसं आली. एक म्हातारी टकमक बघून म्हणाली, "देव लाकूड सोडीत नाय, नाय सोडीत!" दुसरा म्हणाला, "उलट हाय. लाकडाचं नावच काढू नका असं सांगतोय." काकांनी दुसरा अर्थ घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला निरोप दिला, बैलगाडी बोलावली आणि खोड मिरजोळ्याला धाडलं. सुतार गाडीबरोबर वळणापर्यंत चालत गेला, माणसाला पोचवायला जातात तसा.

मी तिसऱ्या दिवशी खोबरेल तेलाची बाटली घेऊन देवळात.

"हे काय?" गुरव म्हणाला.

"देवाला तेल घालीन असं बोललो होतो."

"तेल मारुतीला घालतात. ह्या देवाला कोणी घातलं नाय."

"तसं बोलून बसलोय. आता काय करू?"

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि बाजूला झाला. मी डाव्या खांद्यावर इतकं तेल ओतलं की देव पुढे आठ दिवस तेलकट राहिला. पाकळी निघाली. माझ्या बोटाला चिकटून आली.

कयाक घरी आली आणि पहिल्याच दिवशी तिला नाव पडलं. पावसाळ्यात मांडवाला मोठी हिरवी-पिवळी काकडी लटकते, तिला आम्ही तवसं म्हणतो. काकू दारात आली, बघून म्हणाली, "हे तवसं चिरायचं की पाण्यात सोडायचं?" त्या दिवसापासून ते तवसंच.

पाऊस सरला. नदीचं पाणी निवळलं. देवाने सांगितलंय म्हटल्यावर काकांनी ते नाकारलं नाही. पहिला मान त्यांचाच म्हणून चौघांनी धरून त्यांना तवशात बसवलं. ताठ पाय आत सुरेख गेला, म्यानात तलवार जावी तसा. काकांनी बसल्या बसल्या पाग फेकला. तो सगळा त्यांच्याच डोक्यावर पडला. पागात काका, काकांच्या तोंडावर शिशाच्या गोळ्या, आणि पायरीवरच्या बाया पदर तोंडात कोंबून बसलेल्या. मग बाहेर काढायची वेळ आली. पाय वाकेना, भोक लहान. शेवटी तवसं वाळूवर आडवं केलं आणि काकांना बाहेर ओढलं, बरक्या फणसातून गरा ओढावा तसं.

त्यांनी अंगावरची वाळू झाडली. "माझं हातपाय चालायचं वय गेलं," म्हणाले. "तू जा."

आणि मी गेलो. ह्यातलं सगळ्यात लाजिरवाणं हेच, की तो हिवाळा माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी होता. दर रविवारी ओहोटीला मी तवशातून कांदळाच्या फटीत शिरायचो, बसून गरी टाकायचो, आणि माझ्यावर हसायला कोणी नसे. एकदा दोन हात लांब तांबोशी लागली. तिने तवसं अर्धी खाडी ओढत नेलं. मी ओरडत होतो, आनंदाने.

काका पायरीवर बसायचे. ताठ पाय एका पायरीखाली सोडलेला, मांडीवर कोरडा पाग. ते तो शिवत बसायचे, फाटला नसला तरी. पाण्याकडे बघून सांगायचे, "आता बोय मासळी वर चढली असेल." मी परत आलो की विचारायचे, "चढली होती?" मी हो म्हणायचो. खरं म्हणजे मी कधी बघितलंच नव्हतं.

शिमग्याच्या सुमाराला सुतार ओटीवर येऊन बसला. चहा घेताना त्याची नजर तवशावरून हलेना. "काका, एक सुचतंय. ह्याचं वरचं छपार कापून टाकू. आत दोन आडव्या फळ्या ठोकतो, बाजूला उलांडी बांधतो. मग उभं राहाल."

काकांचे हात पागावर थांबले. तेवढ्यावरून मला कळलं की वर्षभर ते कशाची वाट बघत होते.

"पण देवानं दिलेली होडी," ते म्हणाले. "कापायची तर विचारायला लागेल."

पुन्हा कौल. ह्या वेळी मी देवळाच्या आसपासही फिरकलो नाही. फणसाला कुयऱ्या लागल्या होत्या आणि कुयरीला चीक चिक्कार असतो, पण मी हात पाठीमागे बांधून खांबाशी उभा. काकू म्हणाली, "असा काय उभा? चोरासारखा?"

गुरवाने विचारलं, "छपार कापायला हुकूम असेल तर उजवी दे."

डावी पडली.

काकांचा चेहरा मी पाहिला आणि खाली बघितलं. गुरवाने घसा साफ केला. अशा वेळी विचारण्याची एक रीत आहे, ती त्याने केली. "बा देवा म्हाराजा, कोणा लेकराकडून काय चूकभूल झाली असेल, त्याचा राग धरून बसला असशील, तर उजवी दे."

पाकळी लावून त्याचा हात मागे येतो न येतो तोच उजवी पडली. इतक्या लवकर पडलेली मी कधी पाहिली नाही.

देवळात दहा-बारा माणसं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण माझ्याआधी काका बोलले.

"माझी चूक," ते पाय ओढत पुढे आले. "मागं जत्रेला नारळ द्यायचा राहिला होता माझ्याकडून. पायानं हैराण होतो. ध्यानात होतं, पण दिला नाय. मीच तो."

आणि त्यांनी कान पकडले. साठीकडे झुकलेला माणूस, गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानेच कान पकडून देवाची माफी मागत होता. मी खांबाशी उभा होतो. तोंड मिटलं.

नारळ फुटला. पुन्हा विचारलं, उजवी पडली. "व्हय म्हाराजा!" प्रसादाचं खोबरं वाटलं त्यात माझ्याही हातावर एक तुकडा आला. मी खाल्ला. खोबरं गोड होतं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सुताराने तवसं कापलं. करवतीतून फायबरचा भुसा उडाला आणि आख्खं अंगण दोन दिवस खाजवत होतं. सुतार, काका, काकू, म्हैस. आत ऐनाच्या फळ्या बसल्या, बाजूला उलांडी आली. डोण नाही, कयाक नाही, असं ते तिसरंच काही झालं. काकांनी ते पाण्यात लोटलं, चढले, उभे राहिले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलवून पाहिलं. मग हिसडा. पाग उघडला तो पूर्ण गोल.

वर काढला त्यात बोयटं आणि एक शेंगटी. त्यांनी पाण्यातूनच मला ओरडून सांगितलं, "देवाला कळत होतं रे! लाकडाची घेतली असती तर पुन्हा किडली असती!"

ते खरं निघालं हे आणखी वाईट. तवशाला किडा लागला नाही. पुढे वीसेक वर्षं काका त्यात उभे राहिले, आणि भेटेल त्या माणसाला देवाने होडी कशी निवडली ते सांगत राहिले. मी शेजारी असलो तर म्हणत, "विचार ह्याला. हा होता तिथं." मी मान हलवायचो. माझं लग्न झालं, रत्नागिरीत घर झालं, केस पांढरे झाले, काकू गेली. मान हलवण्यात खंड पडला नाही.

शेवटी एका मे महिन्यात सांगितलं. ठरवून नाही. काका पंचाहत्तरीच्या पुढे, ओटीवर पागाची वीण बघत होते. मी फणस फोडत होतो, हाताला तेल लावून. ते म्हणाले, "देवाची ती पाकळी तीन दिवस चिकटलेली, आठवतं?" आणि मी त्या तेलकट हातांकडे बघत म्हणालो, "काका, मी चीक लावला होता."

त्यांनी माझ्या पुढ्यातल्या फणसाकडे पाहिलं.

"कुठल्या फणसाचा?"

"ह्याच. परड्यातल्या बरक्याचा."

"तरीच. काप्याचा तीन दिवस टिकला नसता." मग पागाची दोन-तीन घरं त्यांनी बोटांनी मोजल्यासारखी केली. "का लावलास?"

"मला उभं राहता येत नव्हतं. वाटलं, कोणालाच उभं राहायला लागू नये."

"हं. आणि मी कान पकडले तेव्हा तू कुठं होतास?"

"खांबाशी."

त्यांनी पाग बाजूला ठेवला. काठी घेतली. "चल."

"कुठे?"

"जिथं लावलास तिथं. आणि मनातल्या मनात पुटपुटायचं नाय. गाऱ्हाणं घालायचं, मोठ्यानं."

देवळात आता गुरवाचा मुलगा होता. गाऱ्हाण्याला प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायला माणसं लागतात, होते दोघेच. तो आणि काका. मी देवासमोर उभा राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, हात जोडलेले, हाताला अजून तेल.

"बा देवा म्हाराजा, मी तुझ्या खांद्याला चीक लावला."

"व्हय म्हाराजा!" काका गरजले. गुरवाचा मुलगा दचकला.

"काकांची डोण मी पेट्यांना घालवली."

"व्हय म्हाराजा!"

"ते वर्षभर पायरीवर बसले, आणि मी मजा केली."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी आवाज जरा जास्तच मोठा होता.

"माझ्या चुकीचे कान त्यांनी पकडले, आणि मी खोबरं खाल्लं."

"व्हय व्हय म्हाराजा!"

मग मी कान पकडले. गुडघे वाकत असल्यामुळे खाली बसून, नीट. गुरवाच्या मुलाने विचारलं, पाकळ्या लावू का, देवाने माफ केलंय का बघायला. काका म्हणाले, "नको. ह्याचा काय भरवसा नाय."

उतारावर ते माझ्या खांद्याला धरून चालत होते. पायरीशी थांबले. तवसं दोरीला बांधलेलं होतं, रात्रीच्या पावसाने निम्मं भरलेलं.

"उद्या सकाळी ओहोटी हाय," ते म्हणाले. "पाणी उपसून ठेव. आणि उद्या तू उभा राहायचास. मी इथं बसून बघतो."

मी उभा राहिलो. पाग फेकला. पुढे शिशाच्या गोळ्या आणि त्यांच्यामागून मी. वर आलो तेव्हा पायरीवर काका एकटेच होते, ताठ पाय खाली सोडून, आणि इतके हसत होते की काठी हातातून सुटून पाण्यात माझ्याकडे तरंगत आली.